सात भाकऱ्यांचा फाटा

दादा,

तुम्ही जाऊन चाळीस दिवस झाले आणि मी तुमच्यावर अजून थोडी चिडलेली आहे, हे आधी सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पण तुमच्याशी मी तोंडावर कधी गोड बोलले नाही, आता बोलायला लागले तर तुम्हालाच संशय येईल. शोकसभेत साहेबांनी तुमच्यावर छान भाषण केलं. 'अत्यंत शिस्तप्रिय' म्हणाले. मी मान खाली घातली, कारण मला हसू यायला लागलं होतं. छत्तीस फाटे काढून ज्याने एकालाही गावाचं नाव दिलं नाही, तो माणूस म्हणे शिस्तप्रिय.

माझ्या आत्याला अजून वाटतं की मी पंप विकते. तिला मी दर दिवाळीत समजावते. डोंगरातल्या पाड्यांवर पिण्याच्या पाण्याचे पंप असतात. पंप कधी चालू व्हावा, कधी थांबावा, हे ठरवणारा एक छोटा बोर्ड असतो आणि त्या बोर्डातला प्रोग्राम आम्ही लिहितो. मूळ प्रोग्राम एकच. पण प्रत्येक पाड्याची विहीर वेगळी, टाकी वेगळी, चढ वेगळा. म्हणून मुळातून दर पाड्यासाठी एक वेगळी प्रत काढायची, तिच्यात तिथल्यापुरते बदल करायचे आणि सगळ्या प्रती गिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट जपून ठेवायच्या. त्या प्रतीला सगळं जग ब्रँच म्हणतं. तुम्ही फाटा म्हणायचात. "पेठ रोड सरळ जातो गं, पण माणसं फाट्यावर उतरतात," हे तुमचं वाक्य मी आत्याला ऐकवलं. तिला तेवढंच कळलं.

चार वर्षांपूर्वी मी नाशिक रोडच्या आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आले. खाली झेरॉक्सवाला, वर आपण. मी तुम्हाला 'सर' म्हटलं. तुम्ही म्हणालात, "सर शाळेत. इथं दादा म्हण." मग मला मशीनसमोर बसवलंत. "आधी तुझ्या नावाचा एक फाटा काढ. त्यात काय मोडायचं ते मोड. बाकीच्यांना हात लावू नको." मी आठ दिवस मनसोक्त मोडतोड केली. नववीपासून कुणी मला इतक्या प्रेमाने चुका करू दिल्या नव्हत्या. तेव्हा हे तुम्हाला सांगायचं राहिलं, म्हणून आता लिहून ठेवते.

पण पहिल्या महिन्यातच आपलं वाजलं. फाट्यांच्या यादीत काय नावं होती! जनाबाई, लक्ष्मण, सोमा, हिराबाई, धाकटा लक्ष्मण. मी विचारलं, "दादा, ही गावं कुठं आहेत?"

"गावं नाय ती. माणसं."

"पण ब्रँचला गावाचं नाव द्यायचं असतं. किंवा कामाचा नंबर. उद्या शोधायचं कसं?"

"गाव काही सांगतं का? माणूस सांगतो. ज्याच्या सांगण्यावरून फाटा काढला, त्याचं नाव फाट्याला."

"आणि तो माणूस गेला तर?"

"नाव कुठं जातंय," असं म्हणून तुम्ही चहा प्यायला खाली उतरलात. मी तुमच्यामागे जिन्यापर्यंत भांडत आले. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी हे भांडण व्हायचं. साहेब म्हणायचे, आपल्या ऑफिसला सणवार कमी, म्हणून हे दोघं स्वतःचा साजरा करतात.

बदल साठवताना सोबत एक ओळ लिहायची असते, काय केलं आणि का केलं. तुमच्या ओळी मी पाठ केल्या होत्या. इंग्रजी अक्षरांत मराठी. 'केलं.' 'परत केलं.' 'आता बरं आहे.' एकदा तर नुसतंच 'हं.' मी ते 'हं' छापून तुमच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. तुम्ही ते काढलं नाहीत. अजून तिथेच आहे.

दुसरं भांडण मोठं होतं, आणि ते एकदाच झालं, दोन वर्षांपूर्वी. विहिरीतलं पाणी संपत आलं की पंपाला कळावं म्हणून आपण विहिरीत तरंगता सेन्सर सोडतो. डोंगरात तो गाळाने अडकायचा. पाणी नसतानाही 'आहे' म्हणायचा, आणि मोटार कोरडी फिरून जळायची. मी म्हटलं, जिथे गाळ आहे तिथे सेन्सर काढूनच टाकू. पंप थोडा वेळ चालवायचा, मग थांबवायचा, विहिरीला भरायला वेळ द्यायचा, मग परत चालवायचा. नुसत्या घड्याळावर.

तुम्ही असे चिडलात की मला 'बाई' लावलंत. "विहीर म्हणजे तुझा कंप्युटर नाय, मनीषाबाई. किती वेळ थांबायचं ते कोण सांगणार? ऑफिसात बसून विहिरीचं पोट कळत नाय."

मला ते फार लागलं. मी नाशिक रोडला वाढलेली, वडील नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, नळ सोडला की पाणी. तुम्ही पेठच्या डोंगरातले. तुम्ही बरोबर असणार, हे मनात कुठेतरी होतंच, म्हणून जास्त लागलं. दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही गावाकडून पळसाच्या पानात करवंदं आणलीत आणि माझ्या कीबोर्डवर ठेवलीत. मी ती खाल्ली. विषय तिथेच राहिला. मला वाटलं, मी हरले आणि तुम्ही मोठ्या मनाने विसरलात.

तुमचा मोबाइल ऑफिसचा होता, त्यामुळे तुम्ही गेल्यावर तो माझ्याकडे आला. दादा, हे कुणी मला आधी सांगायला हवं होतं. पहिले पंधरा दिवस फोन वाजला की पलीकडून, "भोयेदादा हायेत का?" मी आधी बातमी द्यायची आणि मग पंपाचं विचारायचं. काही जण पंपाचं बोलायचेच नाहीत. एका बाईने नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवून दिला. त्या दिवशी मी जेवले नाही. नंतर माझ्या लक्षात आलं की यादीतली सगळी नावं एकेक करून मला फोन करताहेत. तुमच्या फाट्यांचे आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

तरी माझी खोड जाते का? महिना झाला तशी मी साहेबांना म्हटलं, आता सगळ्या ब्रँचेसना गावांची नावं देऊ आणि जुना कचरा पुसून टाकू. पुसायच्या यादीत मी सगळ्यात वर लिहिलं, 'मनीषा'. माझा सरावाचा फाटा. चार वर्षं उगाच पडून होता. साहेब म्हणाले, उन्हाळा जाऊ दे, मग आवरू. साहेबांच्या चालढकलीबद्दल मी आजवर जेवढं वाईट बोलले, ते सगळं मागे घेते. का, ते पुढे कळेल.

मे महिन्यात करंजाळीच्या आतल्या वरच्या पाड्यावरून रामदासचा फोन आला. तो तिथला पंप बघतो. व्होल्टेज वाढून बोर्ड जळाला होता. पाड्यावर पंचवीस-तीस घरं, टाकीत एक दिवसाचं पाणी. मी म्हटलं, काळजी करू नका. आपला नेहमीचा रिवाज, नव्या बोर्डात प्रोग्राम भरायचा आणि बोर्ड एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवायचा. यादीत 'रामदास' होताच. भरला, पाठवला, आणि स्वतःवर खूश होऊन चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी रामदासचा फोन. "मॅडम, पंप थांबतच नाय. इहीर संपली तरी फिरतोय. मोटार तापून लाल झाली असती, मी मेन बटन खाली केलं."

"सेन्सर तपासला का?"

"सेन्सर कुठंय? तो दादांनी दोन वर्षांमागंच काढून नेला."

यादीतला रामदास सुरगाण्याकडचा निघाला. एका जिल्ह्यात किती रामदास असावेत याला काही मर्यादा नाही, हे मी तुम्हाला चार वर्षं ओरडून सांगत होते. त्या क्षणी तुम्ही समोर असतात तर मी काय बोलले असते, ते इथे लिहीत नाही.

मग मी एकेक फाटा उघडून वाचायला बसले. पस्तीस फाटे. प्रत्येकाच्या सुरुवातीला तोच प्रश्न, सेन्सर काय म्हणतो? सेन्सर नसलेला एकही फाटा सापडेना. मग सेन्सरशिवाय वरच्या पाड्याचा पंप दोन वर्षं चालला कशावर? माझ्या मनात नको ती शंका आली. तुम्ही तिथे बसून बोर्डात थेट काहीतरी भरलं असणार आणि इथे साठवायचं विसरला असणार. आपल्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. बोर्ड जळाला, म्हणजे तेही जळालं. मी तुमच्या रिकाम्या खुर्चीला मोठ्याने म्हटलं, "गेलात ते गेलात, कोड पण घेऊन गेलात!" आणि मग मला रडू आलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा नीट रडले ते कोडसाठी. तुम्हाला आवडलं असतं.

पाड्यावरचं पाणी संपलं होतं. बायका खालच्या दरीतल्या झऱ्यावर जायला लागल्या होत्या. रामदास म्हणाला, जाऊन-येऊन दोन तास लागतात. अंदाजाने काहीतरी भरून पाठवावं, तर मोटार जळली की महिनाभर बोंब. साहेब म्हणाले, "तू जाऊन ये." मी नवा सेन्सर पिशवीत टाकला, लॅपटॉप घेतला आणि सकाळच्या पेठच्या गाडीत बसले. इतक्या वर्षांत मी कधी तिकडे गेले नव्हते, दादा. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "चल की एकदा." मी म्हणायचे, पुढच्या वेळी.

फाट्यावर रामदास मोटरसायकल घेऊन उभा होता. पाड्यावर पोचले तर विहिरीच्या काठावर एक म्हातारी बसली होती, काटकुळी, हातात काठी. पवळीबाई. मी पिशवीतून सेन्सर काढला आणि तिने काठी आपटली.

"ते भांडं नको टाकू. त्यात चिखल भरतो. दादानं काढून नेलं ते."

"मग आजी, पंपाला कळणार कसं, पाणी आहे की नाही?"

"त्याला कशाला कळाया हवं? ही इहीर म्हातारी हाय. उपसली की लगेच पाणी नाय देत. जरा दम खाऊ द्यावा लागतो."

"किती दम?"

"नागलीच्या सात भाकरी भाजून व्हतात ना, तवर."

मी म्हटलं, भाकरी? पवळीबाईला वाटलं मला समजलं नाही, म्हणून ती समजावू लागली. थंडीत दोन भाकरी पुरतात. होळीनंतर चार. वैशाखात सात. तिची सासू तसंच मोजायची. घागर भरून घरी यायचं, भाकरी टाकायला घ्यायची, तेवढ्या झाल्या की पुन्हा विहिरीवर जायचं, पाणी आलेलं असतं. "दादा आला तवा माझ्या चुलीपाशी बसला. मी भाकरी भाजती आन तो घड्याळ बघतो! म्हणलं, बाबा, येडा झाला का काय? तर म्हणतो, आजी, तुम्ही भाजत रहा. भाजल्या तेवढ्या खाऊन पण गेला."

रामदास हसायला लागला. मी काही हसू शकले नाही. पंप थोडा वेळ चालवायचा, थांबवायचा, विहिरीला भरायला वेळ द्यायचा. हे मी कुठेतरी ऐकलं होतं. ऐकलं कसलं, मीच बोलले होते.

पाड्यावर मोबाइलला रेंज नव्हती, पण गिटचं एक बरं असतं, सगळे फाटे लॅपटॉपमध्येच असतात. मी विहिरीच्या कठड्यावर बसून सगळ्या फाट्यांत एकच शब्द शोधला, भाकरी. एका ठिकाणी सापडला.

फाट्याचं नाव होतं 'मनीषा'.

माझा सरावाचा फाटा तुम्ही केव्हाच पुसला होता, आणि त्याच नावाने हा नवा काढला होता. छत्तिसातला हा एकच मी उघडला नव्हता. सेन्सरचा प्रश्न त्यात नव्हताच. वरच एक ओळ होती, एक भाकरी म्हणजे चार मिनिटं. खाली महिन्यांचा तक्ता. मे महिन्यासमोर सात. आणि बदल साठवताना तुम्ही लिहिलेली ओळ, तुमच्या आयुष्यातली सगळ्यात लांब: 'मनीषा म्हणाली तसं केलं. चाललं.'

तारीख बघितली. करवंदं आणलीत त्यानंतर बारा दिवसांनी.

मी मान वर केली तर पवळीबाई माझ्याकडे बघत होती. "रडती कशाला? सापडलं नाय का?"

"सापडलं, आजी."

"मग?"

मग काय, दादा? मी तो फाटा बोर्डात भरला. रामदासने मेन बटन वर केलं. पंप वीस मिनिटं चालला आणि कुणी न सांगता थांबला. पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन टाकीपाशी बसून होत्या, त्यांच्यात मी जाऊन बसले. पवळीबाई घरात गेली आणि खरोखरच तिने चूल पेटवली. पाहुणी आली होती ना. तिच्या पाच भाकऱ्या झाल्या तेव्हा मला धीर धरवेना, सहावीला मी विहिरीत दोनदा डोकावून आले. सातवी तव्यावरून उतरली आणि पंप चालू झाला. एक बाई दुसरीला म्हणाली, "आलं बघ." टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, लसणाच्या चटणीबरोबर. तुम्ही किती खाल्ल्या होत्या, ते पवळीबाईने मला सांगितलं. मी वहिनींना सांगणार नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तुमच्याशी भांडायचा प्रयत्न केला. म्हटलं, एवढं केलंत, तर एका शब्दाने सांगायला काय झालं होतं? दोन वर्षं मी समजत होते की मला विहिरीतलं काही कळत नाही. पण सावळघाट उतरेपर्यंत राग काही टिकला नाही. माझ्या नावाचा एक फाटा दोन वर्षं तिथे पाणी देत होता. कुणी कुणाला यापेक्षा चांगलं 'तू बरोबर होतीस' म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. आणि किती वेळ थांबायचं ते कोण सांगणार, हा तुमचा प्रश्नही बरोबरच होता. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. पवळीबाईकडे होतं. तुम्ही तिच्याकडे गेलात, मी गेले नव्हते.

एक सांगायचं राहिलं. निघताना पवळीबाई म्हणाली, यंदा विहीर आणखी म्हातारी झालीय, सात कमी पडतात, आठ कर. तेव्हा तिथेच कठड्यावर बसून मी तुमच्या फाट्यातून नवा फाटा काढला. सातचे आठ केले आणि तो बोर्डात भरला. मशीनने विचारलं, नाव काय द्यायचं? चार वर्षं मी जे भांडले ते करायची संधी समोर होती. तालुका, गाव, पाडा, कामाचा नंबर, सगळं मला माहीत होतं.

मी 'पवळीबाई' लिहिलं.

खाली ओळ लिहिली, 'पवळीबाई म्हणाल्या तसं केलं. चाललं.' ऑफिसात आल्यावर एक कागद घेऊन कुठल्या नावाचं कुठलं गाव ते लिहून काढलं आणि भिंतीला चिकटवलं, कारण रामदास अजूनही पुष्कळ आहेत. पुसायची यादी फाडून टाकली. पण फाट्यांची नावं बदलली नाहीत, दादा, ती तुमचीच राहतील. तुम्ही हरलात तेव्हा मला सांगितलं नव्हतंत. मी मात्र सांगते आहे, मी हरले.

मनीषा